मिनिटाला चौऱ्याऐंशी

आम्ही म्हशींची माणसं.
मेंढरू आमच्यात नवखं.
चोर्ल्याचा घाट उतरून आलेल्या लगमण्णाने
कळप पुढे हाकताना
एक लंगडी, गाभण मेंढी मागे ठेवली
दोन पायली नाचणीच्या बदल्यात.
"जगली तर तुझी," म्हणाला.
मेली तर कुणाची, ते बोलला नाही.

डिसेंबरात व्याली. जुळं.
त्या दिवसांत आमच्या सत्तरीत धुकं रात्रीच खाली उतरतं,
सकाळी पदेराचा भोंगा ऐकू येतो,
पदेर दिसत नाही.

थंडी बाधेल म्हणून मी गोठा बांधून घेतला.
दिराने पणजीहून आणलेला फ्लेक्स होता,
कुठल्याशा हॉटेलाचा: निळा समुद्र, दोन माड,
छत्रीखाली पाय पसरलेली बाई.
कुडाच्या फटीफटीवर तो समुद्र ताणला,
बोटभर वारा आत येणार नाही असा.
फार बरं वाटलं तेव्हा.
आत ऊब आली.
उबेबरोबर मुताचा वास आला, डोळ्यांत झोंबणारा.
म्हटलं, गोठ्याला गोठ्याचाच वास यायचा.

घरात एक खोकला आधीच होता,
सासऱ्यांचा, खाणीच्या तांबड्या धुळीचा.
म्हणून दुसरा
लवकर ऐकू आला नाही.

धाकटं आचळाला लागेना. कान पडलेले.
सासऱ्यांची फेणीची बाटली राखेने घासली,
वर निपल बसवलं,
आणि त्याला मांडीवर उताणं घेतलं,
नवलूला घ्यायचे तसं,
गाल दाबून, मान मागे करून.
पी रे, पी माझ्या राजा.
दूध नाकातून परत आलं.
पदराने पुसलं
आणि पुन्हा पाजलं.

तिसऱ्या दिवशी वाळपईहून ग्रासियस डॉक्टरीण आली,
स्कूटरवर, भुवयांवर दंव.
थर्मामीटर एकशे सहा.
मनगटावरचं घड्याळ सोडून तिने माझ्या हातात दिलं.
"बरगड्यांकडे बघ. एक मिनिट मोज."
चाळिसाला वाटलं, झालं मिनिट.
काटा अर्ध्यावरही नव्हता.
नाकपुड्या फुलत होत्या, तोंड उघडं,
प्रत्येक श्वासाच्या शेवटी एक कण्ह,
लहान पोराने भरलेली कळशी
उचलावी, ठेवावी, उचलावी.
चौऱ्याऐंशी.

"कसं पाजलंस?"
मी रिकाम्या मांडीवर हात धरून दाखवलं.
ती जरा वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "आईला पितं तेव्हा
पिल्लू उभं असतं ना, तसं."
एवढंच.
रागावली असती तर बरं झालं असतं.

जाताना तिने माझीच विळी मागितली
आणि समुद्र वरून हातभर कापला.
"खालचा राहू दे. अंगावर वारा नको,
डोक्यावरून हवा हवी."
छत्री गेली. बाई उन्हात पडली.

धाकटं त्याच रात्री गेलं.
नवलूने फणसाखाली खड्डा काढला.
"उपाशी नव्हतं ना गेलं? दूध होतं ना आत?"
"होतं," मी म्हटलं.
कुठे होतं
ते नाही सांगितलं.

थोरल्याला पाच दिवस सुई.
तिसऱ्याच दिवशी ते दावणीवरून उडी मारू लागलं,
सासरे म्हणाले, पुरे आता, कशाला टोचता.
मी पाचही दिवस टोचून घेतलं,
वाळपईपर्यंत ओंजळीत धरून नेलं दोनदा,
बसमध्ये खिडकीशी.

आता रात्री उठते तेव्हा मोजते.
घड्याळ नाही, अंदाजाने.
आधी गोठ्यात, मग नवलूचे,
मग ओसरीवर, सासऱ्यांचे.
तिथला आकडा मी कुणाला सांगत नाही.

शिमगा सरल्यावर लगमण्णा परत वर निघाला.
पिल्लाचा कान उलटून पाहिला, पाठीवरून हात फिरवला.
"एकच?" म्हणाला.
मी चहाचं आधण ठेवायला
आत गेले.